किरणांना आवाज नसतो: अणुयुगातल्या ऐकण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ध्वनिकलेवर लेख होता: चेर्नोबिलच्या ओसाड खोल्या, तिथले पक्षी, भूमिगत अणुचाचण्यांच्या भूकंपनोंदी यांतून कलावंत काय ऐकतात आणि आपल्याला काय ऐकवतात, असा त्याचा विषय. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: गायगर काउंटरची टिकटिक म्हणजे किरणोत्साराचा आवाज, असं म्हटलं तर चुकेल का?

चुकेल, आणि या विषयातला बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. किरणोत्साराला आवाज नसतो. काउंटरमध्ये एक बंद नळी असते. तिच्यात विरळ वायू भरलेला असतो आणि मधल्या तारेवर काहीशे व्होल्ट असतात. बीटा कण किंवा गॅमा किरण आत शिरला आणि वायूच्या एखाद्या अणूतून एक इलेक्ट्रॉन जरी सुटला, तरी तो तारेकडे धावताना वाटेत आणखी इलेक्ट्रॉन सोडवत जातो. क्षणभर नळीतून वीज वाहते. तो विजेचा धक्का स्पीकरला दिला की ‘टिक’ ऐकू येतं. हान्स गायगर आणि वाल्टर म्युलर यांनी 1928 मध्ये या नळीला आजचं रूप दिलं. तोच धक्का छोट्या दिव्याला दिला असता, तर किरणोत्सार लुकलुकतो असं आपण म्हणत बसलो असतो.

या टिकटिकीतून काय कळत नाही, तेही लक्षात ठेवा. कण कोणता होता, त्यात ऊर्जा किती होती, हे टिक सांगत नाही; सगळ्या टिक सारख्याच. शिवाय प्रत्येक टिकनंतर नळी थोडा वेळ बहिरी होते. एसबीएम-20 या सर्रास वापरल्या जाणाऱ्या नळीत हा काळ साधारण 190 मायक्रोसेकंद असतो. मारा फार वाढला तर नळीला सावरायला उसंतच मिळत नाही आणि काही काउंटर चक्क गप्प होतात. म्हणजे अतिशय धोक्याच्या जागी शांतता ऐकू येऊ शकते. ज्या कलाकृतीत ‘टिकटिक थांबली म्हणजे सुटका’ असा शेवट असतो, ती ऐकताना हे ध्यानात असू द्या.

प्रश्न: संगणकावर तयार केलेली टिकटिक खऱ्यासारखी वाटत नाही. टिकांमधलं अंतर 2 ते 4 सेकंदांच्या दरम्यान यदृच्छेने बदलतं ठेवलं, तरीही नाही.

खऱ्या टिका अशा कुठल्या मर्यादेत राहत नाहीत, त्यांचे घोळके होतात. मिनिटाला सरासरी 20 टिका असतील तर सरासरी अंतर 3 सेकंदांचं. पण शंभरातली सुमारे 15 अंतरं अर्ध्या सेकंदापेक्षाही लहान असतात, आणि पाच 9 सेकंदांहून लांब. दोन टिका एकमेकींना चिकटून येतात, मग बराच वेळ काहीच नाही. कानाला खरं वाटतं ते हेच.

प्रोग्राममध्ये 0 ते 1 मधली यादृच्छिक संख्या घ्या (शून्य वगळून), तिचा नैसर्गिक लॉगॅरिदम काढा, त्याला सरासरी अंतराने गुणा आणि चिन्ह बदला. उत्तर येईल तेवढे सेकंद थांबून पुढची टिक द्या. एवढंच लागतं. ‘फारच विस्कळीत वाटतं’ म्हणून नंतर हाताने नीटनेटकं करायचा मोह होतो. तो टाळा.

प्रश्न: खऱ्या काउंटरमधून ध्वनिमुद्रण करायचं आहे. धोकादायक काही घरात न आणता टिकटिकीत बदल ऐकू येईल असा स्रोत कोणता? मायक्रोफोन कुठे धरावा?

मायक्रोफोन नकोच. काउंटरचा चिमुकला बझर 4 किलोहर्ट्झच्या आसपास स्वतःच्याच सुरात किणकिणतो. तुम्ही टिक नाही, बझर मुद्रित कराल. घरी जोडायच्या बहुतेक काउंटर-संचांवर स्पंदांची वेगळी पिन असते आणि तिथे 3 ते 5 व्होल्टचा चौकोनी धक्का मिळतो. तिथून 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे 100 किलोओम रोधक, आणि त्या जोडापासून जमिनीच्या तारेपर्यंत 10 किलोओम. या जोडावरून रेकॉर्डरच्या लाइन इनपुटला तार न्या. धक्का दहाव्या हिश्शाच्या आसपास उतरतो आणि इनपुट सुरक्षित राहतं. नळीच्या टोकांना मात्र कधीही तार जोडू नका. एसबीएम-20 ला 400 व्होल्ट लागतात. रेकॉर्डर जाईल आणि तुम्हालाही झटका बसेल. काउंटर आणि रेकॉर्डर दोन्ही बॅटरीवर चालवा, नाहीतर 50 हर्ट्झची घरघर येते. घरघर नसून बारीक शिट्टी येत असेल, तर ती उच्च दाब तयार करणाऱ्या सर्किटची आहे. तारा त्याच्यापासून दूर न्या आणि आवरण असलेली तार वापरा. फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा. एमपी3 मध्ये टिकेची धार बोथट होते.

आता स्रोत. पाऊस घ्या. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन वायू सतत हवेत येत असतो. त्याच्या विघटनातून तयार होणारे शिसं-214 आणि बिस्मथ-214 हवेतल्या धूलिकणांना चिकटतात आणि पावसाबरोबर खाली येतात. हे सगळं नैसर्गिक आहे आणि पृथ्वीवर कायम चालू आहे.

आधी कोरडा टिशू पेपर नळीवर ठेवून 10 मिनिटं मोजा. हा तुमचा पाया. मिनिटाला 15 ते 30 टिका येतील. बरेच दिवस कोरडे गेल्यावर पाऊस सुरू झाला की पहिल्या 15-20 मिनिटांत उघड्यावरचा एखादा गुळगुळीत, ओला पृष्ठभाग, साधारण 1 चौरस मीटर, एकाच टिशू पेपरने पुसून घ्या. गाडीचं बॉनेट किंवा पत्रा चालेल. पेपर घट्ट पिळा, नळीच्या लांबीएवढी घडी घाला. नळीवर एक पातळ पॉलिथिन गुंडाळा आणि त्यावर घडी ठेवा. पॉलिथिन विसरू नका. ओलावा आणि 400 व्होल्ट यांचं जमत नाही. पाच मिनिटांच्या आत मुद्रण सुरू करा आणि 3 तास चालू ठेवा.

सुरुवातीला टिका पायापेक्षा स्पष्टपणे दाट असतात, कधी कधी कित्येक पटींनी. वाढलेला भाग अर्ध्या-पाऊण तासात निम्मा होतो, पुढच्या तेवढ्याच वेळात पुन्हा निम्मा. तीन तासांच्या शेवटी पाया जवळजवळ परत येतो. पहिली दोन मिनिटं आणि शेवटची दोन मिनिटं लागोपाठ ऐका: पाऊस विरत जाताना ऐकू येतो, आणि तोही पाऊस थांबून गेल्यानंतर. या प्रयोगाची गोडी यातच आहे.

काय बिघडतं? पेपर ओला-गच्च राहिला तर पाणी बीटा कण अडवतं आणि फरक पडत नाही. सलग दोन-तीन दिवस पाऊस पडत असेल तर हवा आधीच धुतली गेलेली असते, म्हणून वाढ कमी दिसते. एकाच मिनिटाच्या मोजणीवर विसंबू नका: 20 टिकांमध्ये वर्गमुळाएवढी, म्हणजे साडेचारांची, चढउतार सहज होते. दहा मिनिटांत 200 टिका मोजल्या की ती 14 वर येते, म्हणजे 7 टक्के. दुसऱ्या दिवशीही किंचित वाढ उरली असेल तर तीही बहुधा नैसर्गिकच: थोरॉनपासून (रेडॉनचाच एक प्रकार) येणाऱ्या शिसं-212 चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं विघटन व्हायला लागणारा वेळ, 10.6 तास आहे. ‘पावसात किरणोत्सार सापडला’ म्हणून कुठल्या तरी अणुभट्टीवर बोट ठेवणाऱ्या चित्रफिती फिरत असतात. तीन तास थांबून पाहिलं असतं, तर टिकटिक उतरताना ऐकू आली असती.

धूरशोधक यंत्र फोडून आतलं किरणोत्सारी अमेरिशियम काढायचं काही पत्रांत सुचवलं आहे. ते अजिबात करू नका. पावसाची वाट पाहायची नसेल तर पोटॅशियम क्लोराईड चालेल. नैसर्गिक पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे 31 विघटनं होतात. हे मीठ 100 ग्रॅम पातळ पिशवीत भरून नळीभोवती पसरा. वाढ माफक असते, पण ती उतरत नाही. पोटॅशियम-40 चा अर्धायुकाल सव्वाशे कोटी वर्षं आहे.

प्रश्न: चेर्नोबिलच्या खोल्यांमधली शांतता मुद्रित करून पुन्हा पुन्हा वाजवण्याची पद्धत नीट समजावून सांगाल? साध्या खोलीत करून पाहिली तर फक्त खरखर आली.

हे काम डॅनिश कलावंत याकोब किर्केगॉर यांचं, ‘4 रूम्स’. 2006 मध्ये प्रकाशित झालं. चेर्नोबिलच्या निषिद्ध क्षेत्रातल्या चार सोडून दिलेल्या जागा त्यांनी निवडल्या: चर्च, सभागृह, पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा. प्रत्येक ठिकाणी 10 मिनिटांची शांतता मुद्रित केली, ती त्याच खोलीत वाजवून पुन्हा मुद्रित केली, आणि असं दहा वेळांपर्यंत. एकेका फेरीत खोलीचे स्वतःचे सूर वर येत जातात. या पद्धतीचं मूळ अल्विन ल्युसिए यांच्या 1969 च्या ‘आय ॲम सिटिंग इन अ रूम’मध्ये आहे, तिथे सुरुवात बोललेल्या वाक्यांपासून होते. किर्केगॉर यांनी बोलणंच काढून टाकलं. लोकांना तिथून जावं लागलं, त्या जागी आवाज कुणाचा असणार? हा निर्णय मला त्या कामातला सर्वांत मोलाचा वाटतो.

सूर का वर येतात ते आधी पाहू. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरी नेमक्या मावतात, त्या टिकून राहतात. आवाजाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला 343 मीटरला, भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा: 5 मीटरच्या खोलीत 34 हर्ट्झ, मग 69, 103 असे वर. खोली त्यांना उचलून धरते, बाकीचं शोषून घेते. प्रत्येक फेरीत हा पक्षपात गुणला जातो.

तुमची खरखर कुठून आली, ते आता सांगता येईल. बोलण्यापासून सुरुवात केली तर वाजवलेला आवाज खोलीतल्या गोंगाटापेक्षा आपोआप मोठा असतो. शांततेपासून सुरुवात केली तर तसं नसतं. वाजवलेली शांतता खोलीतल्या प्रत्यक्ष शांततेहून निदान 10-15 डेसिबलनी वर नसेल, तर नवीन मुद्रणात जुनं काही राहतच नाही. तुम्ही दहा वेळा तीच खोली नव्याने मुद्रित करता, आणि त्यात भर पडते ती मायक्रोफोनच्या स्वतःच्या खरखरीची. म्हणून मायक्रोफोनचा अंगभूत गोंगाट 14 डेसिबलच्या आत असलेला बरा.

रेकॉर्डरचं स्वयंचलित गेन (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करा, खालचे सूर कापणारं फिल्टरही बंद करा. मायक्रोफोन आणि स्पीकर स्टँडवर लावा, त्यांच्या पायांशी जमिनीवर टेपने खुणा करा आणि सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत हलवू नका. प्रत्येक फेरीनंतर आवाजाचं टोक उणे 12 डेसिबलवर येईल इतकंच वाढवा, दुसरी कसलीही प्रक्रिया नको. ब्लूटूथ स्पीकर टाळा: हळू आवाज आला की तो झोपी जातो, आणि जागा असला तरी आवाज स्वतःच्या मर्जीने दाबतो-फुगवतो. छोटा स्पीकर 34 हर्ट्झ देऊच शकत नाही, त्यामुळे पहिला सूर गेला म्हणून हळहळू नका, वरचे येतील. फ्रिज, पंखा, ट्यूबलाइटचा चोक बंद केलात ना? एक जरी चालू राहिला तर पाचव्या फेरीला 50 किंवा 100 हर्ट्झचा सूर सगळ्यांवर बसतो आणि तोच खोलीचा सूर आहे असं वाटतं. खात्री करायची असेल तर दार उघडून एक फेरी करा. सूर बदलला तर तो खोलीचा. जसाच्या तसा राहिला तर यंत्राचा.

दहाही फेऱ्या जपून ठेवा. चौथी-पाचवी बहुतेक वेळा सर्वांत बोलकी निघते. दहाव्यात अनेकदा एकच सूर उरतो.

प्रश्न: चेर्नोबिल खरंच निःशब्द आहे का?

नाही. ब्रिटिश ध्वनिकलावंत पीटर क्युसॅक यांनी ‘साउंड्स फ्रॉम डेंजरस प्लेसेस’ या प्रकल्पासाठी तिथे मुद्रण केलं. त्यात बेडूक आहेत, पहाटेचा पक्ष्यांचा कल्लोळ आहे, परतून आलेल्या म्हाताऱ्यांची गाणी आहेत. एका मुद्रणात कुक्कू पक्षी आणि किरणमापक एकाच वेळी ऐकू येतात: पक्षी ठरलेल्या दोन सुरांत, यंत्र मनाला येईल तसं. दोन्हींत डावं-उजवं न करता ते तसंच सोडून दिलं आहे. या पद्धतीला ते ध्वनिपत्रकारिता म्हणतात.

पण यावरून ‘निसर्गाने सगळं परत मिळवलं’ असा निष्कर्ष काढू नका, आणि उलटाही नको. त्या क्षेत्रात दोन बदल एकदम झाले: किरणोत्सार आला आणि माणूस गेला. काही संशोधकांना जास्त दूषित पट्ट्यांत पक्षी कमी आढळले. मोठ्या सस्तन प्राण्यांची संख्या भरपूर असल्याचं इतरांनी दाखवलं. दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. एका पहाटेच्या मुद्रणावरून यातलं काही सिद्ध होत नाही. त्यासाठी एकाच ऋतूत, एकाच वेळी, अनेक ठिकाणी, त्याच उपकरणाने मुद्रण करून तुलना करावी लागते.

प्रश्न: भूमिगत अणुचाचणी ‘ऐकता’ येते असं लेखात होतं. नोंदी कुठे मिळतात आणि त्यांचा आवाज कसा करायचा?

भूकंपमापकाची नोंद म्हणजे जमिनीच्या हालचालीचे ओळीने मांडलेले आकडे. ते वेगाने वाजवले की कानाच्या टप्प्यात येतात. कल्पना जुनी आहे: अमेरिकन संगीतकार गॉर्डन मुम्मा यांनी 1962 ते 1964 या काळात भूकंप आणि भूमिगत अणुस्फोटांच्या भूकंपनोंदींवरून पियानोसाठी ‘मोग्राफ’ नावाच्या रचना केल्या.

सरावासाठी 3 सप्टेंबर 2017 ची उत्तर कोरियाची चाचणी घ्या. जागतिक वेळेनुसार ती 03:30 ला झाली. चीनमधल्या मुदानजियांग केंद्राची (संकेत एमडीजे) नोंद अर्थस्कोप (पूर्वीची आयरिस) या संस्थेच्या भूकंपनोंदींच्या संग्रहातून विनामूल्य मिळते. केंद्र चाचणीस्थळापासून सुमारे 370 किलोमीटरवर आहे. 03:25 ते 03:45 पर्यंतची उभ्या हालचालीची नोंद उतरवून घ्या आणि पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ऑब्सपाय या संचाने उघडा. सरासरी आणि कल काढून टाका. दोन्ही टोकं 5 टक्के हळूहळू शून्यावर आणा, नाहीतर सुरुवातीला ठोका बसतो. 0.5 ते 8 हर्ट्झचं बँडपास, म्हणजे फक्त या पट्ट्यातली कंपनं ठेवणारं फिल्टर, लावा. मग 100 पट वेग: 20 मिनिटांचे 12 सेकंद होतात आणि 1 हर्ट्झचं कंपन 100 हर्ट्झचा सूर बनतं.

इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो. मूळ नोंदीत सेकंदाला 20 नमुने असतील तर 100 पटीने ते 2,000 होतात. कित्येक सॉफ्टवेअर असली फाइल उघडत नाहीत किंवा भलत्याच वेगाने वाजवतात. म्हणून लिहिण्याआधी ती सेकंदाला 44,100 नमुन्यांवर, म्हणजे ध्वनिफाइलच्या नेहमीच्या दरावर, आणा. दुसरं, आकडे पूर्णांकांत मोठेच्या मोठे असतात. सर्वांत मोठ्या आकड्याने भागून उणे 1 ते 1 मध्ये आणले नाहीत तर नुसता कर्कश चिरका आवाज येईल. तिसरं, नोंदीत खंड असेल तर तिथे ‘टक्’ वाजतं आणि तो धक्का खरा वाटतो. आलेखावर खंड तपासा, ऐकून ठरवू नका.

आता ऐका. साधारण तीन सेकंद जमिनीची बारीक गुणगुण. मग एक तुटक, जड घाव. त्याच्या मागे लांबत जाणारी शेपटी. घावानंतर सुमारे 5 सेकंदांनी एक दुसरा, खूप हलका, मऊ धक्का येतो. मूळ काळात तो साडेआठ मिनिटांनंतरचा आहे, आणि स्फोटाने झालेली पोकळी ढासळल्याचा मानला जातो. पहिला घाव इतका मोठा असतो की सरळ वाजवलं तर दुसरा ऐकूच येत नाही. त्याला वर आणण्यासाठी कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारी प्रक्रिया) लावण्यापेक्षा दोन प्रती करा: एक पूर्ण, आणि एक घावानंतरच्या भागाची वेगळी मोठी केलेली. ऐकणाऱ्याला फरकाचा अंदाज तरी राहतो.

स्फोटात पहिली, दाबाची लहर जोरकस आणि नंतरची आडवी लहर तुलनेने क्षीण असते. भूकंपात आडवीही दणकट असते. शास्त्रज्ञ हा फरक मोजतात. नुसत्या कानाने तो ओळखायचा प्रयत्न कराल तर फसाल, कारण वेगाने वाजवलेला साधा भूकंपही दार आपटल्यासारखाच येतो. आणि प्रदर्शनात फलकावर वेग लिहाच: ‘100 पट’. हा आकडा नसेल तर श्रोत्याला वाटतं की चाचणीच्या जागी असाच आवाज झाला होता.

याच संदर्भात आणखी एक. अणुचाचणीबंदी करार 1996 मध्ये सह्यांसाठी खुला झाला. त्याच्या आराखड्यात हवेतल्या अतिमंद लहरी ऐकणारी 60 केंद्रं आणि समुद्रातले ध्वनी टिपणारी 11 केंद्रं आहेत. हवेतली केंद्रं 0.02 ते 4 हर्ट्झवर कान लावतात आणि सेकंदाला 20 नमुने घेतात. हे आकडे थेट 44,100 च्या दराने वाजवले तर अख्खा दिवस 39 सेकंदांत संपतो. बॉम्बसाठी लावलेले हे कान बाकीचंही ऐकतात. फेब्रुवारी 2013 मध्ये चेल्याबिन्स्कवर फुटलेली उल्का त्यांनी टिपली. आणि 2021 मध्ये संशोधकांनी हिंदी महासागरातल्या अशाच पाण्याखालच्या मायक्रोफोनांच्या सुमारे दोन दशकांच्या नोंदी चाळून पिग्मी निळ्या देवमाशांचा एक न ओळखलेला समूह शोधला, केवळ त्यांच्या वेगळ्या गाण्यावरून. तो समूह त्या सगळ्या वर्षांत गात होता.

प्रश्न: जुन्या चाचण्यांच्या चित्रफितींत लखलखाट आणि गडगडाट एकदमच होतात. हे बरोबर आहे का?

नाही. बहुतेक फितींना आवाज नंतर चढवलेला आहे. आवाज 3 सेकंदांत सुमारे 1 किलोमीटर जातो. कॅमेरा 11 किलोमीटरवर असेल तर प्रकाशानंतर अर्धा मिनिट काहीच ऐकू येत नाही. 1953 च्या नेवाडातल्या ‘ॲनी’ या चाचणीची मूळ आवाजासकट फीत उपलब्ध आहे; तिच्यात ही वाट पाहणं जसंच्या तसं आहे. रचनेत स्फोट घेणार असाल तर ते अर्धं मिनिट कापू नका.

प्रश्न: तारेच्या कुंपणाला पीझो चकती (कंपनांचे विजेचे धक्के करणारी) चिकटवून मुद्रण केलं. आवाज पातळ, पत्र्यासारखा येतो. महागडा मायक्रोफोनच घ्यावा लागेल का?

नाही. चकती ठीक आहे, तुमचं इनपुट चुकीचं आहे. 27 मिलिमीटरची चकती विजेच्या दृष्टीने सुमारे 20 नॅनोफॅरडचा कपॅसिटर असते. ती 10 किलोओमच्या लाइन इनपुटला जोडली की 800 हर्ट्झच्या खालचं सगळं गळतं. तीच चकती गिटारसाठी असलेल्या 1 मेगाओमच्या इनपुटला जोडा. सीमा 8 हर्ट्झवर जाते. रेकॉर्डरला असं इनपुट नसेल तर मधे उच्च रोधाचा प्रीॲम्प लावा. मायक्रोफोनला वीज पुरवणारा पर्याय बंद ठेवा. डाग देताना (सोल्डरिंग करताना) तापलेलं टोक दोन सेकंदांहून जास्त टेकवू नका, चकती तापून बधिर होते. फोमची टेप वरचे सूर गिळते. चिमट्याने घट्ट पकडा किंवा मेण वापरा. गुणगुण येत असेल तर चकतीवर तांब्याची टेप चढवून ती जमिनीच्या तारेला जोडा.

तारेचा सूर कुठे लागेल याचा अंदाज आधीच करता येतो: वाऱ्याचा वेग गुणिले 0.2, भागिले तारेची जाडी. 5 मीटर प्रति सेकंद वारा आणि 3 मिलिमीटर तार असेल तर सुमारे 333 हर्ट्झ. चेर्नोबिलजवळच्या दुगा रडारच्या प्रचंड तारजाळीत वारा गुणगुणतो तो याच नियमाने. 1976 पासून पुढे दशकभराहून अधिक काळ हीच यंत्रणा शॉर्टवेव्ह रेडिओवर सेकंदाला दहा ठोके देत जगभर ऐकू येत होती. श्रोत्यांनी तिला ‘रशियन सुतारपक्षी’ नाव ठेवलं होतं. आता ती बंद आहे आणि वारा तेवढा वाजवतो.

प्रश्न: परवानगी घेऊन दूषित भागात मुद्रण करायचं असेल तर उपकरणांची काय काळजी घ्यावी?

मार्गदर्शकाचं ऐकणं हे पहिलं. जागा ते ठरवतील, तुम्ही नाही. उपकरणांना खरा त्रास धुळीचा. सीझियम-137 चा अर्धायुकाल 30 वर्षांचा आहे, आणि ते माती, शेवाळ, पालापाचोळा यांत धरून राहतं. मायक्रोफोनवरचं केसाळ वारारोधक आवरण म्हणजे धूळ गोळा करणारा झाडूच. ते टाकून द्यायच्या तयारीने न्या, किंवा पातळ फोमवर काम भागवा. तिपाईच्या पायांना पिशव्या बांधा आणि निघताना तिथेच ठरलेल्या जागी टाका. काहीही जमिनीवर ठेवू नका, विशेषतः शेवाळावर. तार जमिनीवरून ओढत नेणं ही सर्वांत सरसकट चूक. बाहेर पडताना उपकरणांचीही तपासणी होते, आणि दूषित निघालेली वस्तू मागे ठेवावी लागू शकते. म्हणून मेमरी कार्ड वेगळ्या बंद पाकिटात अंगावर ठेवा.

प्रश्न: इसाओ हाशिमोतो यांच्या कामावरून स्फूर्ती घेऊन अणुचाचण्यांची यादी ध्वनीत मांडतो आहे. स्फोटाची शक्ती आवाजाच्या तीव्रतेत कशी बदलू? आणि दालनात आवाज किती ठेवू?

हाशिमोतो यांचं ‘1945–1998’ हे 2003 चं काम: जगाचा नकाशा, महिन्याला एक सेकंद, 2,053 स्फोट, प्रत्येक देशाचा वेगळा सूर. लक्षात घ्या, त्यांनी शक्ती ऐकवलीच नाही. लहान-मोठा प्रत्येक स्फोट एक टिंब आणि एक सूर. त्यामुळे मोजणी कानात बसते. 1963 च्या अंशतः बंदीनंतर चाचण्या जमिनीखाली गेल्या, तरी सूर थांबत नाहीत, हेही त्यामुळेच कळतं.

शक्ती घ्यायचीच असेल तर गणित पाहा. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे 15 किलोटन, 1961 चा सोव्हिएत ‘झार’ सुमारे 50 मेगाटन. तीन हजार पटींहून जास्त. लहरीची उंची शक्तीच्या सरळ प्रमाणात ठेवली तर दोघांत 70 डेसिबलचा फरक पडतो. मोठा सहन होईल इतका ठेवलात तर हिरोशिमा दालनातल्या वातानुकूलनाच्या घरघरीखाली बुडेल. हिरोशिमा ऐकू येत नाही अशी मांडणी मी करणार नाही. लॉगॅरिदम वापरा: शक्ती दहापट झाली की 5 डेसिबल वाढ. मग दोघांत सुमारे 18 डेसिबल राहतात, दोन्ही ऐकू येतात आणि फरकही जाणवतो. हे प्रमाण फलकावर लिहा.

आवाजाच्या पातळीबद्दल आमचं मत ठाम आहे: छाती दणाणून भीती निर्माण करू नका, तो स्पीकरचा परिणाम असतो, विषयाचा नाही. श्रोत्याच्या बसण्याच्या जागी ध्वनिपातळीमापक धरून सरासरी 60 ते 65 डेसिबल आणि सर्वांत मोठा क्षण 80 च्या आत ठेवा. आधी रिकाम्या दालनाची पातळी मोजा. ती 40 च्या वर असेल तर वातानुकूलन बंद करता येतं का ते विचारा. सबवूफर भिंतीपासून निदान अर्धा मीटर दूर ठेवा, नाहीतर कोपऱ्यातल्या श्रोत्याला सगळे स्फोट एकाच सुराचे वाटतील. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कामाची फाइल पूर्ण लांबीची एकदा लावा आणि दालनात चार वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसून ऐका.